डी५ वर प्यादं मारलं गेलं की थांबा

बुद्धिबळातली इटालियन सुरुवात (पांढऱ्याचा उंट सी४ वर येतो ती) तुम्हाला येतेच, म्हणून सुरुवातीच्या चाली सांगत बसत नाही. काळ्याकडून तिसऱ्या चालीला घोडा एफ६ या घरात खेळलात, तर क्लबात निम्मे लोक घोडा जी५ वर आणणार हे धरूनच चाला. एफ७ च्या प्याद्यावर उंट आणि घोडा दोघांचा डोळा, आणि राखायला एकटा राजा. उत्तर म्हणून आपलं प्यादं डी५ वर. पांढरा प्याद्याने मारतो.

इथे माझा डाव गेला.

मारलं की परत मारायचं, ही हाताची सवय. घड्याळात अकरा मिनिटं शिल्लक असताना मी दोन सेकंदांत घोड्याने डी५ मारलं. समोरच्या काकांनी घोडा थेट एफ७ वर टाकला. वजीर आणि कोपऱ्यातला हत्ती, दोन्ही माऱ्यात. राजाने घोडा घेतला. वजीर एफ३, शह. डी५ चा घोडा वाचवायचा म्हणून राजा ई६ वर, भर पटात. मग त्यांचा दुसरा घोडा सी३ वर. आता डी५ वर उंट, वजीर, घोडा असे तिघे तुटून पडलेले, आणि माझा घोडा हलूही शकत नाही, कारण त्याच्यामागे उंटाच्या रेषेत माझाच राजा. एका प्याद्याच्या बदल्यात अख्खा घोडा मिळाला होता, तरी विसाव्या चालीच्या आत डाव सोडला. संगणकावरचं बुद्धिबळाचं इंजिन बचाव दाखवतं. पंधरा मिनिटांच्या डावात तो तुम्हाला सापडणार नाही, त्या भरवशावर राहू नका.

परत मारण्याऐवजी पाचव्या चालीला सी६ चा घोडा ए५ खेळा. काठावरचा घोडा वाईट असं शिकलेलो असतो, म्हणून हात जात नाही. पण तो त्यांच्या उंटावर चालून जातो. त्यांचा उंट बी५ शह, तुमचं प्यादं सी६, त्यांनी प्याद्याने मारलं, तुम्ही बी-प्याद्याने परत मारलं, उंट मागे. मग प्यादं एच६ वर टाकून त्यांचा घोडा हाकला. प्यादं एक कमी, पण त्यांच्या चाली पळापळीत जातात आणि तुमची मोहरी बाहेर पडतात. प्यादं गेलं म्हणून घाबरू नका, हे मला फार उशिरा पटलं.

सापळ्यांचे व्हिडिओ मी बंद केले. ते जिंकणाऱ्या बाजूने दाखवतात, हरणारा नेमका कुठे घाईत होता ते नाही. मला शिकवलं त्या काकांनी. डाव संपल्यावर पट पुन्हा मांडून त्यांनी एवढंच विचारलं, "ए५ का नाही खेळलास?" ज्यांच्याकडून हराल त्यांच्यासोबत दहा मिनिटं बसा.

हे सगळं नकोच असेल तर तिसऱ्या चालीला उंट सी५ खेळा, त्यात कमीपणा नाही. मी मात्र घोडा एफ६ च ठेवलाय. महिन्याभराने त्याच काकांशी पुन्हा तीच सुरुवात झाली, ए५ खेळलो, आणि फक्त हत्ती आणि प्यादी उरलेल्या शेवटात बेचाळिसाव्या चालीला हरलो.