नाशिकची दोन हजार वर्षं एका कादंबरीत कशी बसवायची

आधी जागा ठरवा, कथानक मागाहून. अख्खं नाशिक घेतलंत तर शेवटी नुसती यादी उरते. एखादा घाट, नाहीतर तांबट आळीसारखी एखादी आळी पुरे. काळ चारच ठेवा.

मग माणसं एकमेकांत गुंतवायची कशी? व्यवहारानं. 'सगळे गुण्यागोविंदानं नांदत होते' असं लिहिलंत की वाचक पुस्तक मिटतो. नमुना पांडवलेण्यांतच कोरलेला आहे, दहाव्या लेण्यात. उषवदात हा शक वंशाचा, क्षत्रप राजा नहपानाचा जावई. त्यानं ३००० कार्षापण (तेव्हाची नाणी) नाशिकजवळच्या गोवर्धनच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे संघांकडे, कायमचे ठेवले. मुद्दलाला हात लावायचा नाही, व्याज तेवढं खायचं. एकीकडे २०००, दरमहा शेकडा एक; दुसरीकडे १०००, शेकडा पाऊण. पहिल्या ठेवीचं वर्षाचं व्याज २४०. लेण्यात वर्षावासाला, म्हणजे पावसाळ्यातल्या मुक्कामाला, २० भिक्खू; चीवरासाठी, म्हणजे अंगावरच्या वस्त्रासाठी, प्रत्येकी १२. हिशेब चोख! आता एक वर्ष व्याज थकवा. परका जावई, विणकर आणि भिक्खू आपोआप समोरासमोर येतात. प्रत्येक काळासाठी असा एक हिशेब हुडकून काढा.

पेशवाईतले मोडी कागद वाचताना हमखास चुकतं ते साल. 'सीत सबैन मया व अलफ' म्हणजे अरबी आकड्यांत सहा, सत्तर, शंभर, हजार: त्या कागदांतल्या कालगणनेचा शुहूर सन ११७६. इसवी सन काढायला मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंत ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. सरसकट ५९९ मिळवले तर माघात मेलेलं पात्र वर्षभर आधीच जातं.

मुघल अमलात गावाचं नाव गुलशनाबाद. ते फर्मानात आणि अंमलदाराच्या तोंडी शोभतं. गंगेवर, म्हणजे गोदावरीवर, धुणं धुणारीच्या तोंडी नाशिकच ठेवा.

सातवाहनांच्या चुलीवर मिरची नको, मिरी चालेल. बटाटा, शेंगदाणा, साबुदाणाही नको. (आपली उपासाची खिचडी जवळजवळ सगळीच सातासमुद्रापारची.)

बोली काळागणिक बदला, पण बेतानं. पानभर जुनी मराठी कुणी वाचत नाही.

आणि पाणवठा टाळू नका. रामकुंडावर कुणाला उतरू देत नव्हते हे कादंबरीत आधीपासून पेरलेलं नसेल, तर २ मार्च १९३० ला सुरू झालेला काळाराम मंदिर सत्याग्रह शेवटी ठिगळासारखा दिसतो. ते प्रकरण लिहायला घेण्याआधी आळीतल्या घरांची यादी करा. त्या दिवशी कोण मोर्चात गेलं, कुणी दाराला आतून कडी घातली, हे प्रत्येक घरापुढे लिहा.