खंड्याचा लिनोकट, गोव्याच्या पावसाळी हवेत

लिनोकट म्हणजे लिनो (लिनोलियमचा मऊ तुकडा) कोरून, त्याला शाई लावून कागदावर घेतलेला छाप. लिनोत कोरलेलं पांढरं उमटतं आणि सोडलेलं काळं. म्हणून पक्षी निवडताना त्याच्या अंगावर पांढरं कुठे आहे ते आधी बघा. खंड्या यासाठी उत्तम: गळा-छाती लख्ख पांढरी, पाठ निळी, डोकं चॉकलेटी. खाजनावरच्या (खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतजमिनीवरच्या) विजेच्या तारेवर किंवा चोडण बेटाच्या वाटेवर तो बराच वेळ एका जागी बसतो. रेखाटन तिथेच करा. चोच लांब, बुडाशी जाड. ती नाजूक काढली की खंड्या राहत नाही.

३ मिमी जाडीचा, १५ × २० सेंमीचा लिनो घ्या. चित्र ट्रेसिंग पेपर पालथा घालून उतरवा, नाहीतर छापात चोच उलट दिशेला जाते. पाच-दहा मिनिटं उन्हात ठेवला की लिनो मऊ होतो.

व्ही आकाराच्या टोकाच्या कोरणीने बाह्यरेषा काढा, मग यू आकाराच्या कोरणीने गळा मोकळा करा. दुसरा हात कायम पात्याच्या मागे. पातं रेषेखाली घुसलं तर रेषेचा पाया पोखरतो आणि थोड्या छापांनंतर ती तुटते. रेषेच्या दोन्ही बाजू बाहेर उतरत्या हव्यात. पाठ भरीव सोडा, डोक्यावर चोचीकडून मानेकडे आखूड रेघा द्या. एकाच शाईत निळं आणि चॉकलेटी असं वेगळं दिसतं. डोळ्याला बारीक पांढरं वलय. पीस न् पीस कोरू नका, पंखाच्या कडेला चार-पाच रेघा पुरतात. चित्रकार पिकासोचं १९४९ चं कबुतर लिथोग्राफ (न कोरता सपाट पृष्ठावरून घेतलेला छाप) आहे, पण काळ्यावर उठलेला पांढरा आकारच पक्षी कसा होतो, ते त्यात नीट पाहून घ्यावं.

तेलशाई काचेवर पातळ पसरवा. रोलर हलका चुरचुरला की प्रमाण बरोबर. चपचप वाजला तर शाई जास्त आहे, बारीक रेघा बुजणार. पातळ, गुळगुळीत कागद ठेवून स्टीलच्या चमच्याच्या पाठीने मधून कडेकडे घासा. एक कोपरा उचलून बघा. फिकट असेल तिथे पुन्हा घासा.

खरी अडचण जुलैत. तेलशाई हवेतल्या ऑक्सिजनने हळूहळू सुकते आणि दमट, ढगाळ दिवसांत जास्तच वेळ घेते; आठवडाभर धरून चाला. छाप एकावर एक ठेवले की चिकटतात. दोरीला चिमट्यांनी टांगा, पंखा मंद ठेवा. कोरा कागद सिलिका जेलच्या पुड्यांसह प्लास्टिकच्या बंद पिशवीत ठेवा. ओलसर कागद फुगतो आणि बुरशीचे ठिपके पडतात. लिनोवरची शाई आधी खाण्याच्या तेलाने, मग साबणाच्या फडक्याने पुसा.