पुस्तक मिटा आणि आठवा

धडा तीनदा वाचला की ओळखीचा वाटू लागतो, आणि तिथेच फसगत होते. ओळखीचं वाटणं वेगळं, न बघता सांगता येणं वेगळं. म्हणून एकदा नीट वाचून झालं की पुस्तक मिटा आणि कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहून काढा. अडलात तरी लगेच पान उघडू नका, थोडं डोकं खाजवा. मग पुस्तकाशी ताडून बघा आणि राहून गेलेलं वेगळ्या रंगाने लिहा. पुढच्या वेळी आधी तो रंग बघायचा.

रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांवर हेच तपासलं. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने मात्र आठवून पाहणाऱ्यांनी त्यांना मागे टाकलं. परीक्षेच्या आदल्या रात्रीची घोकंपट्टी एवढी भुरळ का घालते, ते यावरून कळतं.

हीच उजळणी दुसऱ्या दिवशी, मग तीन-चार दिवसांनी, मग आठवड्याने करा. अंतर काटेकोर नसलं तरी चालेल. हायलायटरने मात्र पानच रंगतं, डोक्यात फारसं उतरत नाही. गणिताचं असेल तर सोडवलेलं उदाहरण झाकून ठेवा आणि स्वतः पहिल्या पायरीपासून सोडवा.