जुने एचएमटी घड्याळ निवडताना

रोज सकाळी किल्ली द्यावे लागणारे, सुमारे ३५ मिलिमीटर व्यासाचे एचएमटी घड्याळ आजही पुरुषाच्या मनगटावर शोभून दिसते. ते शर्टाच्या बाहीखाली सहज सरकते, त्याची तबकडी दोन हात अंतरावरून वाचता येते आणि त्यावर नको असलेली एकही रेघ नसते. जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने १९६१ मध्ये बंगळूर येथे या घड्याळांचा कारखाना सुरू झाला आणि लग्नात जावयाला एचएमटी देण्याची रीत पुढे कित्येक घरांत रुळली. २०१६ मध्ये केंद्र सरकारने एचएमटी वॉचेस बंद करण्याचा निर्णय घेतला, त्यामुळे ‘जनता’, ‘पायलट’, ‘सोना’ यांसारखी जुनी घड्याळे आता मुख्यतः वापरलेलीच घ्यावी लागतात, आणि तिथेच पारख करावी लागते.

सर्वांत जास्त वेळ तबकडीवर घालवावा. जुनी तबकडी खरवडून तिच्यावर नव्याने रंग आणि अक्षरे चढवलेली घड्याळे बाजारात फार आहेत. परदेशातील संग्राहकांनी त्यांना ‘मुंबई स्पेशल’ असे नावच दिले आहे, आणि मुंबईच्या जुन्या बाजारांत फिरणाऱ्या माणसाला ते झोंबते. मी घेतलेले पहिले ‘पायलट’ असेच निघाले. दुकानात ते झळझळीत दिसत होते, पण घरी दहापट भिंगाखाली धरल्यावर नावातील अक्षरांच्या कडा पाण्यात शाई पसरावी तशा फुगलेल्या दिसल्या आणि मिनिटांच्या रेषा चारच्या बाजूला दाट, तर दहाच्या बाजूला विरळ होत्या. कारखान्यातील छपाईत रेषांचे अंतर सारखे असते आणि बारीकात बारीक अक्षरही तुटत नाही. म्हणून भिंग सोबत न्यावे, आणि भडक केशरी किंवा निळ्या तबकडीपेक्षा कडेने किंचित पिवळसर झालेली मूळ तबकडी निवडावी. माझ्या मते त्या पिवळेपणातच घड्याळाचे खरे देखणेपण आहे.

त्यानंतर मागचे झाकण उघडून दाखवण्याची विनंती करावी. विक्रेत्याने नकार दिला, तर तो व्यवहार तिथेच सोडावा. आत गंज नसावा, स्क्रूंच्या खाचा स्क्रूड्रायव्हरने झिजलेल्या नसाव्यात आणि थोडी किल्ली देताच तोलचक्र, म्हणजे यंत्राची गती राखणारे पुढे-मागे फिरणारे चाक, मोकळेपणाने झुलू लागावे. सेकंद काटा एका सेकंदात पाच बारीक पावले टाकतो, त्यामुळे तो जवळजवळ वाहत असल्यासारखा दिसतो. सेकंदाला एकच उडी मारणारा काटा दिसला, तर आतील यंत्र बदलून सेलवर चालणारे बसवले आहे, असे समजावे. पूर्ण किल्ली दिल्यानंतर घड्याळ किमान तीस तास चालले पाहिजे, आणि हे घरी तपासण्यासाठी परत करण्याची मुदत आधीच ठरवून घ्यावी.

काचेवरील ओरखड्यांची काळजी करू नये. ती ॲक्रिलिकची असते, त्यामुळे मऊ फडक्यावर थोडी टूथपेस्ट घेऊन पाच मिनिटे गोलाकार घासल्यास बारीक ओरखडे निघून जातात. मात्र काच तडकली असेल, तर घड्याळजीकडून बदलून घ्यावी.

किल्ली शक्यतो रोज एकाच वेळी, घड्याळ मनगटावरून काढून द्यावी आणि बोटांना अडकल्याचे जाणवताच थांबावे. पाण्यापासून ते पूर्णपणे जपावे, कारण किल्लीच्या फटीतून शिरलेला ओलावा तबकडी कायमची डागाळतो. दर तीन-चार वर्षांनी यंत्र उघडून साफ करून तेल द्यावे लागते, आणि हे काम हाताने करणारा जुना घड्याळजी घड्याळ घेण्याआधीच शोधून ठेवावा.

पट्टा घेताना तो जिथे जोडला जातो त्या दोन शिंगांमधील अंतर पट्टीने मोजावे. ते बहुधा १८ मिलिमीटर भरते. साध्या, न फुगवलेल्या तपकिरी चामड्याचा पट्टा या पातळ घड्याळाला सर्वांत चांगला दिसतो.