चार बाय साडेतीनच्या बाथरूममध्ये शॉवर बसवताना

आम्ही विक्रोळीच्या कन्नमवार नगरात तिसऱ्या, म्हणजे सगळ्यात वरच्या मजल्यावर राहतो. बाथरूम चार बाय साडेतीन फुटांचं. गुडघ्यांमुळे सासूबाईंना वाकून बादलीतून तांब्या भरणं जमेनासं झालं, तेव्हा शॉवर बसवायचं ठरलं. दुकानात जाऊन शॉवर निवडणं हे यातलं शेवटचं काम. आधी वरून पाणी किती जोरात येतं ते बघा, आणि पडलेलं पाणी कुठे जाणार ते बघा.

जोर घरीच मोजता येतो. नळाला पाइप लावायचा, त्याचं दुसरं टोक खिडकीच्या गजाला सात फुटांवर बांधायचं आणि पाच लिटरचा कॅन भरायला किती वेळ लागतो ते मोबाइलवर बघायचं. आमच्याकडे पूर्ण मिनिट लागलं. वरच्या मजल्यावर असंच होतं, कारण टाकी अगदी डोक्यावर असते. टाकीतलं पाणी शॉवरच्या दहा फूट वर असेल तर दाब मिळतो जेमतेम ०.३ बार. खाली प्रत्येक मजल्याला साधारण तेवढीच भर पडते, म्हणून तळमजल्यावरच्यांकडे बघून तसाच शॉवर आणू नका. मिनिटाला पाच लिटरवर ताटाएवढा रेन शॉवर नुसता ठिबकतो. आम्ही कमी दाबावर चालणारा लहान हँड शॉवर घेतला. प्रेशर पंप लावायचाच असेल तर टाकीतून येणाऱ्या आपल्या लाइनवर, तोही सोसायटीला विचारून. महापालिकेच्या लाइनला थेट मोटर लावणं बेकायदा आहे, आणि त्यात शेजाऱ्यांच्या वाटणीचं पाणी ओढलं जातं.

मिक्सरला, म्हणजे गरम-गार पाणी एकत्र करणाऱ्या नळाला, दोन्ही पाणी एकाच टाकीचं द्या. एक टाकीचं आणि एक थेट नळाचं असलं की जास्त दाबाचं पाणी दुसऱ्या पाइपात शिरतं आणि अंगावर एकदम गार नाहीतर एकदम कढत पाणी येतं. तीन लिटरच्या इन्स्टंट गिझरचं गरम पाणी शॉवरखाली बघता बघता संपतं. १५ लिटरचा साठवणीचा गिझर घ्या, अर्थिंग तपासून घ्या आणि ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लगेच प्रवाह तोडणारा स्विच) लावूनच घ्या. ओल्या अंगाने वावरायची जागा आहे ती, इथे पैसे वाचवू नका.

आता भिंत. सीपीव्हीसी (गरम पाण्यालाही चालणाऱ्या प्लास्टिकच्या) पाइपासाठी चर मारताना कटर कॉलमला किंवा बीमला लागता कामा नये. मिक्सरपर्यंत अर्ध्याऐवजी पाऊण इंची पाइप आणि कमीत कमी एल्बो (पाइप वळवायचे कोपरे) ठेवले, तर आहे तो जोर वाया जात नाही. आणि प्लंबर कितीही घाईत असला तरी सांधे जोडल्या दिवशी त्यांवर प्लास्टर मारू देऊ नका. माझ्या माहेरी एकाने सकाळी जोड मारले आणि संध्याकाळी टाइल्सही लावल्या. तिसऱ्या दिवशी पलीकडच्या स्वयंपाकघरात ओट्याच्या वर पिवळट ओल उमटली. एका एल्बोला सोल्यूशन नीट लागलंच नव्हतं आणि नव्या कोऱ्या सहा टाइल्स फोडाव्या लागल्या. म्हणून या वेळी मी सगळ्या तोंडांना प्लग मारायला लावले, जोड एक दिवस सुकू दिले, टेस्टिंग पंपाने दाब दिला आणि रात्रभर त्यावरचा दाबाचा काटा हलतो का ते बघितलं. काटा हलला नाही, तेव्हाच प्लास्टर.

बादलीची आंघोळ जमिनीपाशी होते, शॉवरचं पाणी भिंतीवर उडतं. त्यामुळे जमीन फोडली असेल तर वॉटरप्रूफिंग जमिनीपुरतं ठेवू नका, शॉवरच्या कोपऱ्यात सहा फुटांपर्यंत चढवा. मग नहाणी ट्रॅप (पाणी जायचं जाळीखालचं तोंड) बंद करून जमिनीवर दोन इंच पाणी साठवा, भिंतीवर पेन्सिलने खूण करा आणि ४८ तास तसंच ठेवा. मी दोन्ही दिवस खालच्या काकींकडे जाऊन त्यांचं छत हाताने चाचपून आले. "अगं, आधी सांगून काम करतेस, हेच खूप," त्या म्हणाल्या. काम सुरू करण्यापूर्वी सोसायटीची लेखी परवानगीही घ्या. डेब्रिजच्या गोण्या कुठे ठेवायच्या हेही तेव्हाच ठरतं.

उतार फुटाला पाव इंच हवा, सगळा जाळीकडे. लाद्या पक्क्या होण्याआधी सासूबाईंचा पितळी तांब्या घेऊन मी जाळीपासून सगळ्यात लांबच्या कोपऱ्यात पाणी ओतलं. ते सरळ गेलं, पण दाराशी रुपयाएवढं डबकं राहिलं. मिस्त्रीने ती एक लादी उचलून पुन्हा बसवली. लाद्या खरखरीतच घ्या.

उंची माणसाप्रमाणे ठरवा. डोक्यावरचा शॉवर साधारण साडेसहा ते सात फुटांवर ठेवतात. सासूबाई स्टुलावर बसून आंघोळ करतात, म्हणून हँड शॉवरचा हुक आम्ही साडेतीन फुटांवर घेतला, मिक्सर बसल्या जागी हात पोहोचेल असा, आणि शेजारी आधाराचा दांडा. दांड्याचे स्क्रू भिंतीच्या विटेत खोल जायला हवेत, नुसत्या टाइलवर तो वजन पेलत नाही. साबण लावताना पाणी थांबवायला बटणाचा हँड शॉवर घ्या. मे-जूनमध्ये पाणीकपात लागली की त्याची किंमत कळते.

आणि सोसायटीची टाकी धुतात त्या दिवशी शॉवरचं तोंड काढून ठेवा. पाइपातला गाळ बादलीत सोडा, पाणी स्वच्छ आलं की मगच टेफ्लॉन टेप गुंडाळून तोंड परत बसवा.