सोलर सेल भार पेलणाऱ्या फायबरमध्ये घालायचा आहे? आधी फायबर शिका

छपरावर पॅनेल बसवणं वेगळं आणि सेल छपराच्या अंगातच घालून त्याच छपराला भार पेलायला लावणं वेगळं. नांदेड-संभाजीनगरची मुलं या विषयाबद्दल विचारतात, तेव्हा सुरुवात हमखास ‘सेल कुठला घेऊ?’ इथून होते. माझं मत ठाम आहे: आधी कंपोझिट (काचेचे किंवा कार्बनचे धागे आणि त्यांना जखडून ठेवणारं रेझिन मिळून झालेलं साहित्य, म्हणजेच आपलं ‘फायबर’), मग सेल.

सिलिकॉनचा सेल जेमतेम 0.15 ते 0.18 मिलिमीटर जाड असतो. दाब बऱ्यापैकी सोसतो, ताणात मात्र तडकतो. दोन्ही टोकांना टेकलेलं छप्पर वजनानं वाकलं की त्याची वरची बाजू दाबली जाते. ऊनही वरूनच येतं, म्हणजे हे आपल्या पथ्यावरच. पण वळवाच्या वाऱ्यानं तेच छप्पर वर ओढलं की वरची बाजू ताणात जाते. आपल्याकडे हे गणित सोडून चालणार नाही.

दुसरा ताण ओव्हनमधून येतो. तापमान एक अंशानं बदललं की सिलिकॉनची लांबी दशलक्षात 2.6 भाग बदलते, ग्लास-इपॉक्सीची (काचेचे धागे आणि इपॉक्सी नावाचं रेझिन) 14 च्या आसपास, कार्बन फायबरची धाग्याच्या दिशेनं जवळपास शून्य. 120 अंशांवर क्युअर करून (म्हणजे तापवून रेझिन घट्ट करून) थंड केलं, की काचेच्या फायबरमधला सेल दाबात जातो आणि कार्बनवरचा ताणात. शिवाय कार्बनमधून वीज वाहते, त्यामुळे सेलखाली काचेच्या कापडाचा एक थर हवाच.

आता आपलं ऊन. मे महिन्यात परभणीत पारा 43 च्या पुढे जातो. मागून हवा न लागणारा सेल 70 अंशांपर्यंत तापू शकतो. 25 अंशांच्या वर दर अंशाला साधारण 0.4 टक्के वीज घटते, म्हणजे 18 टक्के गेलीच. मला खरी काळजी इपॉक्सीची वाटते. खोलीच्या तापमानाला सुकवलेली बरीच इपॉक्सी 50-60 अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतात, आणि भार तर तिनंच धरायचा असतो! म्हणून पोस्ट-क्युअर, म्हणजे घट्ट झाल्यावर पुन्हा तापवणं, टाळू नका.

कॉलेजच्या सुट्टीत वाळूजच्या एखाद्या फायबर मोल्डिंगच्या कारखान्यात स्वतः हातानं काम करा. रेझिन किती ओतायचं, बुडबुडा कुठे अडकतो, हे सॉफ्टवेअर दाखवत नाही. मग एकच सेल घालून छोटी पट्टी करा, ती वाकवा, आणि अंधारात सेलला बाहेरून वीज देऊन (प्लस प्लसला, मायनस मायनसला) इन्फ्रारेड टिपणाऱ्या कॅमेऱ्यानं पाहा. धडधाकट भाग उजळतो, वीज न पोचलेला तुटका तुकडा काळा दिसतो. पट्टी वाकवण्याआधीचाही फोटो काढून ठेवा, कारण काही तडे ओव्हनमध्येच गेलेले असतात.