छातीत दुखतंय? ‘पित्त असेल’ म्हणून थांबण्याची चूक टाळा

पंचेचाळिशी-पन्नाशीतल्या पुरुषाच्या छातीत दुखू लागलं की घरात पहिलं निदान ठरलेलं: पित्त. मग इनो घेतलं जातं, ढेकर येतो, जरा बरं वाटतं आणि सगळे निर्धास्त होतात. पण हार्ट अटॅकमध्येही मळमळ, ढेकर, पोटाच्या वरच्या भागात जळजळ होऊ शकते आणि कळ मध्येच ओसरून पुन्हा येऊ शकते. ढेकर आला म्हणून हृदय ठीक आहे असं होत नाही.

छातीवर ओझं ठेवल्यासारखं वाटणं, कळ हातात, जबड्यात किंवा पाठीत जाणं, दरदरून घाम, दम लागणं यांपैकी काही असेल आणि काही मिनिटांत थांबत नसेल, तर १०८ ला फोन करा. मधुमेह असलेल्यांना कधी कधी छातीत दुखतच नाही, नुसता घाम आणि दम. जिना चढताना छाती भरून येते आणि थांबलं की जाते, हेही ‘वय झालं’ म्हणून सोडून देऊ नका. ते वाढत चाललं असेल किंवा बसल्या जागी होऊ लागलं असेल, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

स्वतः गाडी चालवत निघू नका. वाटेत शुद्ध हरपली तर आपल्यासोबत दुसऱ्यांचाही जीव जातो. ‘जोरजोरात खोकत राहा’ हा व्हॉट्सअ‍ॅपवरचा सल्ला तर विसरूनच जा.

गोळ्यांच्या बाबतीत जास्त घोळ होतो. अ‍ॅस्पिरिनची अ‍ॅलर्जी किंवा रक्तस्रावाचा त्रास नसेल तर साधारण ३०० मिलिग्रॅम गोळी चावून खायला सांगतात. गिळली तर परिणामाला वेळ लागतो. १०८ वरच्या माणसाला विचारूनच घ्या. शेजारच्या काकांच्या खिशातली सॉर्बिट्रेट, म्हणजे हृदयरोग्यांची जिभेखाली ठेवायची गोळी, मात्र नको, रक्तदाब एकदम उतरू शकतो. त्यातही लैंगिक ताकदीची गोळी, म्हणजे सिल्डेनाफिल किंवा टॅडालाफिल, एक-दोन दिवसांत घेतली असेल तर हा धोका फार मोठा. बायको-मुलांसमोर हे सांगायला पुरुष लाजतात. डॉक्टरांना बाजूला घेऊन सांगा, पण सांगाच.

आणि पहिला ईसीजी नॉर्मल आला की ‘बघा, मी म्हणत होतो ना’ म्हणत उठणारेही बरेच असतात. सुरुवातीच्या ईसीजीत अटॅक दिसेलच असं नाही. रक्तातलं ट्रोपोनिन, म्हणजे हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात उतरणारं प्रथिन, वाढायलाही काही तास लागतात, म्हणूनच डॉक्टर काही तासांनी पुन्हा रक्त घेतात आणि ईसीजीही पुन्हा काढतात. ऑफिसात मीटिंग आहे म्हणून ‘स्वतःच्या जबाबदारीवर’ अशी सही करून निघालात, तर नेमकी ती दुसरी तपासणी राहून जाते.